व्यासपीठावर चढण्याआधी

परवा एका सत्काराच्या कार्यक्रमात पुन्हा तेच झालं. स्टेजवर बावीस खुर्च्या, खाली ऐकायला चाळीस माणसं. एका पदाधिकाऱ्याचं नाव पुकारायचं राहिलं म्हणून अर्धा तास रुसवेफुगवे. सूत्रसंचालक दर दोन मिनिटांनी "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणत होता. मला मात्र आमच्या डीटीपीवाल्या काकांची प्रार्थनासभा आठवत होती.

मी ज्या साप्ताहिकात बातमीदारी शिकलो, तिथं काका होते. आधी खिळे जुळवायचे, मग कॉम्प्युटर आला तर तोही शिकले. ख्रिस्ती माणूस, रविवारची उपासना कधी चुकवली नाही. दोन वर्षांपूर्वी गेले. घरचे म्हणाले, "भाऊ, दोन शब्द तुम्ही बोला जी."

चर्चमध्ये नाव पुकारलं आणि मी सवयीनं सरळ उंचावरच्या जागेकडं निघालो. तीन पायऱ्या, लाकडी कठडा, त्यावर उघडं बायबल. त्याला पुलपीट म्हणतात. पहिल्या पायरीवरच एक म्हातारे गृहस्थ हळूच आडवे आले. "भाऊ, तुमच्यासाठी खाली माइक लावला आहे."

खालून बोललो, पण मनाला लागलं. बाहेरचा म्हणून अडवलं का?

चहाच्या वेळी पाळकांना विचारलंच. ते हसले. "काकांचा मुलगाही खालूनच बोलला ना? वर्गणीचा हिशेब मी स्वतः खालून सांगतो. वर फक्त वचन. आधी पुस्तक उघडायचं, मग तोंड."

हे डोक्यातून जाईना. मग या जागेबद्दल वाचत बसलो.

पुलपीट हा शब्द लॅटिन 'पुल्पितुम'वरून आला. अर्थ मंच, नाटकवाल्यांचासुद्धा. आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल. पण कल्पना त्याहून जुनी. बायबलच्या नहेम्याच्या पुस्तकात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवतो. तो पुस्तक उघडतो तेव्हा सगळे लोक उभे राहतात. लोक त्याच्यासाठी नाही, पुस्तकासाठी उठले.

सुरुवातीच्या काळात बिशप आपल्या आसनावर बसूनच शिकवायचे. पुढं वाचनासाठी उंच ओटा आला. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन साधू गर्दीपुढं बोलू लागले, तसं प्रवचनाला महत्त्व चढलं. इटलीत पिसा इथं निकोला पिसानोनं घडवलेलं संगमरवरी पुलपीट 1260 चं आहे. माइक नव्हता, म्हणून अनेक पुलपिटांवर लाकडी छत असायचं, आवाज वर न जाता लोकांकडं यावा यासाठी. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये गेलात तर भिंतीवरचं कोरीव पुलपीट जरूर बघा. खालच्या मूर्ती जणू ते तोलून धरतात.

मग युरोपात धर्मसुधारणा झाली आणि प्रोटेस्टंट चर्चमध्ये पुलपीट केंद्रस्थानी आलं. आपल्याकडं आली ती हीच परंपरा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात पोहोचले. त्याच मिशनचं काम पुढं भंडाऱ्यात आलं. या परंपरेत मला सगळ्यात मोठी वाटली ती गोष्ट पुलपिटाची नाहीच, खालच्या बाकाची आहे. बायबल लोकांच्या भाषेत आलं, लोकांच्या हातात आलं. वरचा माणूस काय वाचतो, ते खालच्याला ताडून पाहता येऊ लागलं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्टही आपल्याच रेल्वेलाईनवरची. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका युरोपियन माणसानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. म्हणजे भंडारा रोड, तुमसर रोडच्याच वाटेवर. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत भजन आणलं, कीर्तन आणलं. पुलपिटाला कीर्तनाची जोड मराठी माणसानं दिली.

आपला व्यासपीठ हा शब्द तरी कुठून आला? व्यासांच्या नावानं मांडलेलं ते आसन. पारायणात तिथं बसणाऱ्यासमोर पोथी असते. पोथी गेली, खुर्च्या राहिल्या. आणि गाडगेबाबांनी तर आसनाशिवाय, हातात झाडू घेऊन कीर्तन केलं. लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढायचे. तिथं श्रोता मुका नव्हता.

उघडं पुस्तक असलं की सगळं शुद्ध होतं, असंही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत याच पुलपिटावरून बायबलचा दाखला देऊन गुलामगिरीचं समर्थन झालं. आणि पुढं मार्टिन ल्युथर किंगही पुलपिटावरूनच बोलले. जागा तीच. म्हणून तर खालच्या माणसानं ताडून पाहणं महत्त्वाचं.

आता माझं. आम्हा पत्रकारांचं पुलपीट म्हणजे छापील कॉलम आणि आता हे फेसबुक पेज. इथंही एकच बोलतो आणि बाकीचे ऐकतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका अंगणवाडी सेविकेवर पोषण आहार विकल्याची बातमी लिहिली. गावातल्या दोघांच्या सांगण्यावरून. पान लावताना काकांनी विचारलं होतं, "बाबू, त्या बाईले विचारलं का?" मी म्हटलं, "टाइम नाही काका, पान सोडा." पान सुटलं. चौकशीत बाई निर्दोष निघाली. बातमी पहिल्या पानावर होती, खुलासा आतल्या पानावर, चार ओळींचा. मधल्या तीन महिन्यांत गावात तिच्याशी लोक कसे वागले, हे मला नंतर कळलं. काका मला कधी काही बोलले नाहीत. पण त्यानंतर माझी प्रत्येक बातमी लावण्याआधी तोच प्रश्न विचारायचे.

प्रार्थनासभेत खालच्या माइकवरून मी हेच सांगितलं. बरं झालं खाली उभा होतो. वर चढलो असतो तर कदाचित काकांचे गुण गाऊन आणि टाळ्या घेऊन उतरलो असतो.

त्या ताईंची माफी मी त्यांच्या घरी जाऊन मागितली आहे, पण ती चार भिंतींत. चूक चारचौघांत झाली होती, म्हणून आज चारचौघांत मागतो.

निवडणुका आल्या की जिल्ह्यात स्टेज वाढतील, पोस्टी वाढतील, माझ्याही वाढतील. माझ्यापुरतं ठरवलं आहे : कागद हातात नसेल आणि समोरच्याला विचारलं नसेल, तर वर चढायचं नाही. चुकलो तर खालून आवाज द्या. ओरडलात तरी चालेल.