'इज'ची जागा

आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत यायचं आणि 'इनडायरेक्ट स्पीच'पाशी आलं की रुसायचं. सरांनी त्यावर नाटकच बसवलं होतं. एक मुलगा 'इज', दुसरा 'स्टेशन'. 'व्हेअर इज द स्टेशन?' म्हणताना 'इज' पुढे उभा. 'ही आस्क्ड मी' असं सर गरजले की दोघांनी जागा बदलायच्या आणि 'इज'नं 'वॉज' व्हायचं. 'व्हेअर डू यू लिव्ह?' मधला 'डू' तर गुपचूप बाकावर जाऊन बसे. प्रश्नचिन्ह सर स्वतः पुसत. टेबलावर रेन अँड मार्टिनचं जाडजूड व्याकरण. त्यातले रेन म्हणजे १९२४ची 'बो जेस्ट' ही साहसकादंबरी लिहिणारे, हे कळलं असतं तर आम्ही ते पुस्तक जरा प्रेमानं उघडलं असतं!

नियम पाठ झाला, मार्कही मिळाले. पण ही सगळी उठाठेव फक्त दुसऱ्याचं बोलणं सांगण्यासाठी. अनोळखी माणसाला अदबीनं विचारायलाही हाच क्रम लागतो, 'कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?', हे कुणी बोललंच नाही. आमची इंग्रजी सभ्यता 'मे आय कम इन, सर?' वर संपायची. मराठीत ही कसरतच नाही. 'स्टेशन कुठे आहे?' म्हणा, नाहीतर 'अहो, स्टेशन कुठे आहे सांगाल का?' म्हणा, आतला प्रश्न जागचा हलत नाही.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. हिंजवडीत नोकरी करणारी माझी भाची त्यानंतरची. तिच्या मेलमध्ये 'कुड यू प्लीज टेल मी व्हेन इज द मीटिंग?' असतं. अदब भरपूर, 'इज' मात्र हललेला नाही. भाषेचे अभ्यासक ही भारतीय इंग्रजीची एक खूण मानतात; आयर्लंडच्या इंग्रजीतही असा क्रम आढळतो. मला तो खटकतो. तरी आमच्या बिनचूक, कोरड्या इंग्रजीपेक्षा तिचं इंग्रजी माणसांत वावरलेलं आहे.

अर्थात साहेबाची अदब तिलाही चकवते. परवा अमेरिकेतल्या वरिष्ठानं लिहिलं, 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड लुक ॲट धिस.' वाक्य भूतकाळी, प्रश्नचिन्हही नाही; तिला वाटलं, सहज मनात आलं असेल. संध्याकाळी दुसरा मेल आला, तितकाच नम्र, यावेळी तिच्या मॅनेजरलाही. आता 'वंडरिंग' दिसलं की ती हातातलं काम बाजूला ठेवते.