हरिश्चंद्रगडावर दोन कॅमेरे

मुलांनो, गडावर जायचे ठरले की पाठपिशवीत काय काय भरायचे, ही यादी तुम्हाला तोंडपाठ असेल. पाण्याची बाटली, भाकरी-चटणी, बॅटरी, कोरडे मोजे, गूळ-शेंगदाणे. आता त्या यादीत आणखी एक वस्तू घाला, कॅमेरा. पण कोणता? खिशात मावणारा, पाण्यात बुडवला तरी न बिघडणारा छोटा मजबूत कॅमेरा, की गळ्यात अडकवायचा मोठा फुल-फ्रेम मिररलेस? दुकानातल्या काचेपुढे उभे राहून याचे उत्तर मिळत नाही. म्हणून चला माझ्याबरोबर हरिश्चंद्रगडावर!

हा प्रश्न मुळात माझ्या भाचीचा. ती आठवीत शिकते. तिच्या आजीने भिशीचे पैसे तिच्यासाठी बाजूला ठेवले आणि बजावले, "कॅमेरा घे, पण एकच. दहावी होईपर्यंत दुसरा मागायचा नाही." तेवढ्या पैशांत नवाकोरा मजबूत छोटा कॅमेरा येत होता, किंवा कुणीतरी वापरलेला जुना फुल-फ्रेम. भाचीचे बाबा म्हणजे माझा मावसभाऊ. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. तो लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे मोठा कॅमेरा घरात होताच. छोटा माझ्याकडे होता. परिसर अभ्यासासाठी मुलांना ओढ्याकाठी नेते, तेव्हा तोच बरा पडतो. मग ठरले, सप्टेंबरच्या अखेरीस दोन्ही कॅमेरे घेऊन गडावर जायचे आणि भाचीने स्वतः निवड करायची.

अकोल्याहून राजूर आणि राजूरहून पाचनई. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव अगदी गडाच्या पायथ्याशी आहे. आम्ही मुक्कामाला पोचलो तेव्हा अंधारून आले होते. जेवणे झाली, अंगणात आलो, तर ढग फाटलेले! चंद्र अजून उगवायचा होता. नैऋत्येला आकाशगंगेचा पांढुरका पट्टा डोंगरामागे उतरत होता. दादाने कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि वीस सेकंद कुणालाही हलू दिले नाही. पडद्यावर चित्र उमटले आणि भाची ओरडलीच, "बाबा, हे एवढे तारे मला दिसत पण नाहीयेत!" मी माझा छोटा कॅमेरा दगडावर टेकवून फोटो घेतला. काळ्या पाटीवर खडूचे चार ठिपके पडावेत, तसे काहीसे आले.

असे का झाले? वहीतला चौकटींचा कागद घ्या. त्यावर ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असा आयत काढा. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या पोटातला संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, एवढा असतो. आता त्याच्या कोपऱ्यात साधारण ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असा चिमुकला आयत काढा. हा बहुतेक मजबूत छोट्या कॅमेऱ्यांचा संवेदक. क्षेत्रफळ काढून पाहा. एक ८६४ चौरस मिलिमीटर, दुसरा अवघा २७-२८. म्हणजे मोठा जवळजवळ तीस पट! अंगणात पाऊस पडताना परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर जास्त पाणी कशात साठेल? प्रकाशाचेही तसेच आहे. अंधारात प्रकाश मुळातच थोडा. त्यात वाटी लहान पडते. मग कॅमेरा आहे तेवढाच संकेत फुगवून मोठा करतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात माइकचा आवाज फार वाढवला की आवाजाबरोबर खरखरही वाढते ना? तशीच ही फोटोतली खरखर. चित्र रवाळ दिसते.

३६ बाय २४ हे माप आले कुठून, ते आजी-आजोबांना विचारा. पूर्वी कॅमेऱ्यात रोल भरत, त्यावरच्या एका चित्राचे माप हेच होते. तेच पूर्ण माप, म्हणून फुल-फ्रेम. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. आधीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगामागे आरसा असे. तो समोरचे दृश्य वर डोळ्यापर्यंत पोचवी आणि फोटो काढताना खट्कन उचलला जाई. आता तो आरसाच काढून टाकला. संवेदकाला जे दिसते, तेच थेट छोट्या पडद्यावर दिसते. सोनी कंपनीने २०१३ साली अल्फा ७ हा असा फुल-फ्रेम कॅमेरा आणला. पुढे इतर कंपन्यांचेही आले.

तर पहिला गुण दादाच्या कॅमेऱ्याला. भाचीने वहीत लिहिले, 'मोठा १, छोटा ०.'

सकाळी चढायला लागलो. पाचनईची वाट मोठी सुंदर आहे. एका बाजूला पुढे झुकलेला उंच कातळ, त्यावरून पायवाटेवर पडणाऱ्या धारा, दुसऱ्या बाजूला दरी. अर्ध्या तासात पावसाची सर आली. दादाने कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठपिशवीत ठेवला. चांगल्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या सांध्यांना रबरी पट्ट्या असतात, थोडे तुषार त्यांना चालतात. पण धारेखाली धरण्यासाठी ते नाहीत. भिंग बदलायचे म्हटले तर संवेदक उघडाच पडतो. वजनही बघा. नुसती बॉडी साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, चांगले भिंग जवळपास तेवढेच, वर तिकाटणे.

माझा छोटा कॅमेरा मनगटावर लोंबकळत होता. वजन पाव किलो. अशा कॅमेऱ्यांत २०२३ साली आलेला टीजी-७ घ्या. तो १५ मीटर पाण्याखाली चालतो आणि २.१ मीटरवरून पडला तरी टिकतो, असे कंपनी सांगते. याचे भिंग पुढे बाहेर येत नाही. ते पोटातच सरकते, म्हणून पाणी शिरायला फट नाही. बॅटरीच्या झाकणाला रबरी कडे आणि दोन कुलपे. पण लक्षात ठेवा, त्या कड्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला, तरी पाणी आत शिरते. झाकण लावण्याआधी ते पुसायचे, ओल्या हाताने उघडायचे नाही आणि समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात धुवायचे. रबर जुने होते, हेही विसरू नका.

आता भाची रांगायलाच लागली! वाटेतल्या कातळावर शेवाळ, शेवाळात सीतेच्या आसवांची जांभळी इवली फुले. दिसायला नाजूक, पण मातीतल्या बारीक पिशव्यांत चिमुकले जीव पकडून खाणारी ही वनस्पती आहे बरे का! छोटा कॅमेरा भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तूसुद्धा स्पष्ट टिपतो. तिने फुलावरचा थेंब टिपला. मग ओहोळात हात बुडवून दगडाआडचा खेकडा टिपला. मोठ्या कॅमेऱ्याला इतक्या जवळचे टिपायला वेगळे भिंग लागते. हा सारा भाग अभयारण्यात येतो, म्हणून फूल तोडायचे नाही आणि खेकड्याचा दगड उलटायचा नाही. फोटो मिळाला, खेकडा आपल्या घरी. 'मोठा १, छोटा २.'

माथ्यावर पोचलो. हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर पाहिले. चांगदेवांनी इथे तप केले आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ रचला, असे मानतात. मंदिराजवळच केदारेश्वराची गुहा आहे. पाऊस जोरात असला की वाटेतला ओढा फुगतो, तेव्हा तिकडे जायचे नाही. आम्ही गेलो तेव्हा पाणी ओसरले होते. गुहेत मोठे शिवलिंग आहे आणि भोवती कमरेइतके थंडगार पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. त्या चार खांबांना लोक चार युगे म्हणतात.

इथे दोन्ही कॅमेऱ्यांची खरी परीक्षा झाली. गुहेत अंधार, म्हणून मोठा कॅमेरा हवा. गुहेत पाणी, म्हणून छोटा! दादाने काठावर तिकाटणे रोवून दोन सेकंदांचा फोटो घेतला. खांबावरच्या छिन्नीच्या खुणासुद्धा मोजून घ्याव्यात असा तो आला. भाची मात्र छोटा कॅमेरा घेऊन पाण्यात उतरली आणि लिंगाच्या मागच्या बाजूने, पाण्यालगत धरून गुहेच्या उजळलेल्या तोंडाचा फोटो घेतला. कडा रवाळ, अंधार जरा मळकट. पण पाण्यात उभे राहिल्यावर अंगावर येतो तो शहारा त्या फोटोत होता. तो फोटो काठावरून मिळालाच नसता. गुण कुणाला द्यायचा? तिने दोघांनाही दिला.

शेवटी कोकणकडा. पश्चिमेकडे तोंड करून उभा असलेला, मधे खोल गेलेला हा प्रचंड कडा नागाच्या फण्यासारखा दिसतो. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी या गडावरून गोल इंद्रधनुष्य पाहिले. त्याची नोंद त्यांच्या १८३५ सालच्या लेखात आहे. त्याला इंद्रवज्र म्हणतात. पाठीमागे ऊन आणि समोर दरीत धुके असावे लागते. आमच्या नशिबी ते नव्हते. मिळाला तो खालून वर येणारा पाऊस! दरीतला वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि पाण्याचे थेंब खालून तोंडावर मारतो. दादाचे भिंग दर मिनिटाला पुसावे लागत होते. मग क्षणभर धुके फाटले, अख्खा कडा उघडा पडला. त्याने तेवढ्यात एक फोटो साधलाच. खालच्या कोकणातली झाडे त्यात वेगवेगळी मोजता येतात. वर्गाची भिंत भरेल एवढा मोठा तो छापता येईल.

इथे एक गोष्ट नीट ऐका. कड्याच्या काठाशी उभे राहून फोटो काढायचा नाही. दगड शेवाळलेला असतो, वारा धक्का देतो आणि पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाला आपला पाय कुठे आहे हे कळत नाही. मोठ्यांबरोबर, काठापासून मागे, पोटावर झोपूनच दरी पाहायची. कॅमेरा कितीही मजबूत असला, तरी आपण तसे नसतो.

उतरताना भाचीच्या वहीत दोघांचे गुण जवळजवळ सारखे झाले होते. दादा म्हणाला, "आता ठरव बाई." ती म्हणाली, "गुण बरोबरीत आहेत, पण मला जे जे आवडतं ना, आत्या, ते सगळं चिखलात राहतं." बेडूक, खेकडे, शेवाळ, मुंग्यांची वारुळे. मग निवड झालीच! तिला तारे किंवा मंदिरातली अंधारी शिल्पे आवडत असती, तर तिने जुना फुल-फ्रेम घ्यायला हवा होता, आणि तेही बरोबरच ठरले असते.

पालकांनाही एक सांगते. फुल-फ्रेम घेताना नुसती बॉडी पाहू नका. भिंगे, तिकाटणे, पिशवी यांचा खर्च धरा, नव्या वस्तूंची बेरीज सहज लाखाच्या पुढे जाते. आणि घरातल्या मोबाइलवर आधी वर्षभर हात बसू द्या. त्यात भागले तर पैसे वाचलेच.

आणि तुम्ही मुलांनो, एक कागद घ्या. आयुष्यात काढावेसे वाटणारे दहा फोटो त्यावर लिहा. प्रत्येकापुढे तीन प्रश्न: तिथे अंधार आहे का? पाणी, चिखल, धूळ आहे का? आणि मी कॅमेरा तिथपर्यंत स्वतः वाहून नेणार का? कोणता कॅमेरा घ्यायचा, ते तो कागदच सांगेल.