हरिपूरची पेवे

सांगलीच्या लगत, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर वसले आहे. संगमेश्वराच्या दर्शनास येणारे भाविक नदी पाहून परततात. आपण व्यापारी मंडळींनी मात्र क्षणभर थांबून पायांखालची जमीनही पाहावी, कारण याच जमिनीत हळदीची पेवे खोदलेली आहेत.

पेव म्हणजे भूमीत उतरवलेला रांजणच. तोंड एका माणसापुरते, पोट विस्तीर्ण, खोली सुमारे २०-२५ फूट. येथील माती इतकी घट्ट की बांधकामाविना भिंती उभ्या राहतात. आतून सारवून, पाला व चटया लावून वाळलेली हळद भरतात आणि तोंड मातीने लिंपतात. मग ती वर्षानुवर्षे टिकते. पूर्वी गावोगावी ज्वारीही अशीच ठेवीत.

बंद पेवात श्वसनामुळे प्राणवायू सरतो व कर्बवायू साचतो. प्राणवायू २-३ टक्क्यांवर आला की कीड जगत नाही. माणसालाही तोच धोका. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ थांबतात, दिवा खाली सोडून पाहतात. तो विझला तर कोणी उतरत नाही. या बाबतीत घाई केलेली माणसे प्राणास मुकली आहेत.

पेवात विषारी गोळ्या लागत नाहीत, म्हणून ते अहिंसक, असे आपल्यात सहज म्हटले जाते. मला हे पूर्णपणे पटत नाही. कोंडून मारणे हीही हिंसाच. जीवोत्पत्तीच होऊ नये, याची काळजी माल भरण्यापूर्वी घ्यावी लागते. धान्य चाळून, निवडून, दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवावे. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा. एवढे केले तर कोंडण्यासारखे आत फारसे काही उरतच नाही.

कोरडी माती हीच पेवाची हमी होती. २००५ च्या महापुराने ती मोडली. पेवांत पाणी शिरले, हळद कुजली, कित्येक पेवे ढासळली. २०१९ साली पुन्हा पूर आला. व्यापारी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळले. तापमान १५ अंशांखाली राहिले तर किडीची वाढ जवळजवळ थांबते आणि विषही लागत नाही, परंतु भाडे दरमहा मोजावे लागते. तारण कर्ज देणाऱ्या बँकेलाही गोदाम सोयीचे, कारण तेथे पोती मोजता येतात. पेवातील माल तोंड उघडेपर्यंत व्यापाऱ्याच्या शब्दावरच मानावा लागे.