उकिरड्याची दैना

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. दैवाचे फटके खाल्लेल्या माणसाला धीर देण्यासाठीं आपण ती वापरतों. परंतु ज्या कोणाच्या तोंडून ती प्रथम निघाली, त्याला उकिरडा नुसता उपमेपुरता माहीत नसावा. घराच्या मागल्या अंगाला टाकलेलें शेण, राख, केर आणि उष्टेंखरकटें उन्हांत वाळतांना आणि पावसांत वाहून जातांना त्यानें रोज पाहिलें असेल.

हा बारा वर्षांचा वनवास तीन महिन्यांवर आला तो इंदुरास. १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ होळकरांच्या त्या राजधानींत शेतीचे प्रयोग करीत होता. खताच्या खड्ड्याविषयींचें त्याचें पुस्तक १९३१ सालीं निघालें, आणि त्यावर त्याच्या नांवाशेजारीं यशवंत वाड हें नांव छापलेलें आहे. कंपोस्टाची कथा सांगणारे लोक हॉवर्डसाहेबांना आठवतात आणि वाडांना बहुधा विसरतात. म्हणून तें नांव मी येथें मुद्दाम लिहितों. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद व दोन फूट खोल असा खड्डा. त्यांत काडीकचऱ्याचे व गोठ्यांतील भिजल्या पाल्याचे थर. त्यांवर शेणकाला, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. आणि तीन महिन्यांत तीन वेळां सगळें खालींवर करणें, एवढीच कृति. चिनी शेतकरी शतकानुशतकें असेंच कांहीं करीत आले होते, हें हॉवर्डला ठाऊक होतें व तें त्यानें लपविलेंही नाहीं. शेतकरी आणि पिकांवरील कीड यांना तो आपले प्राध्यापक म्हणे. तीस वर्षें वर्गांत उभें राहून इंग्रजी कविता शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला तें वाचून किंचित् खालीं पाहावें लागतें.

कुजणें आणि सडणें या दोन शब्दांत आपण बोलतांना फारसा भेद करीत नाहीं. खड्डा मात्र फार काटेकोर भेद करतो. हवा खेळती असेल तर जिवाणू व बुरशी कामाला लागतात, ढिगाच्या पोटांत साठ अंशांपर्यंत ऊब चढते, आणि थंडीच्या सकाळीं फावडें घातलें कीं वाफ निघते. हवा कोंडली कीं तेंच द्रव्य आंबतें आणि शेजारीपाजारी नाकाला पदर लावतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटींत प्रथम हेंच घडलें. महानगरपालिकेच्या नियमास अनुसरून आम्ही मोठ्या हौसेनें दोन हौद बांधले, आणि महिन्याच्या आंत निषेधाचीं चार पत्रें चिटणिसांच्या हातीं पडलीं. अखेर उपाय सांगितला तो आमच्या माळीमामांनीं. "साहेब, तुम्ही त्याला नुसतं ओलं खाऊं घालतां. भाकरीबरोबर कालवण पाहिजे, तशी कालवणाबरोबर भाकरीही पाहिजे." रसायनाच्या भाषेंत हेंच नत्र आणि कर्ब यांचें प्रमाण. एका भाग नत्रास पंचवीस-तीस भाग कर्ब असला म्हणजे जिवाणूंचा संसार सुखाचा होतो. भाजीचीं देंठें, सालें, चहाचा चोथा यांत नत्र व पाणी पुष्कळ. वाळल्या पानांत कर्ब पुष्कळ. गुलमोहराचा जो पाचोळा रोज सकाळीं फाटकाशीं पेटविला जात असे, तो हौदांत जाऊं लागला, आणि पत्रें थांबलीं.

खत तयार झालें. पण कुंड्यांना लागून तें पुष्कळ उरलें. तेव्हां मला पुरंदरांतील आमच्या शेताची आठवण झाली. तें माझे थोरले चुलतभाऊ पाहतात. आम्ही त्यांना दादा म्हणतों. अंजीर, सीताफळ आणि पाऊस बरा झाला तर वाटाणा, हें त्यांचें पीक. मी सहा गोण्या घेऊन गेलों. दादांनीं एक ओंजळ उचलली, नाकाशीं नेली, आणि म्हणाले, "खत चांगलं आहे. पण यांत तुमचं शहरही आलं आहे." मग तळहातावर त्यांनीं एकेक जिन्नस वेंचून ठेवला: कांचेचा तुकडा, मोडकें पातें, आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, तेही डझनभर. "खुरपायला येणाऱ्या बायका अनवाणी असतात. त्यांच्या पायांत हें गेलं तर मी कोणत्या तोंडानं त्यांना पुन्हां बोलवूं?" गोण्या बांधावरच राहिल्या.

खरा प्रश्न इतकाच आहे, असें मला वाटतें. कंपोस्टाच्या शास्त्रांत आतां गूढ फारसें उरलेलें नाहीं. उणीव आहे ती विश्वासाची. शहर जें देऊं करतें तें घ्यावें कीं नाहीं, याचा शेतकऱ्याला आलेला अनुभव बरा नाहीं. पुण्यानें वर्षानुवर्षें आपला मिसळलेला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथें नेऊन ओतला. तेथील विहिरी नासल्या, आणि गाड्या अडवून बसण्याची पाळी गांवकऱ्यांवर आली. ज्या केरानें माती सुधारायची, त्यानेंच ती बिघडविली. कारण त्यांत ओलें आणि सुकें एकत्र होतें.

पूर्वीं हें देणेंघेणें अगदींच नव्हतें असें नाहीं. शहराच्या मैल्याचें सोनखत करून तें पुण्याच्या आसपासच्या उसाला घालीत. शब्द तर मोठा सुंदर आहे. पण तें सोनें ज्यांना डोक्यावरून वाहावें लागलें, त्यांच्या वाट्याला गांवाचा विटाळ तेवढा आला, हें विसरून त्या काळाचे गोडवे गाणें मला साधत नाहीं. आजही आमच्या दारांतला कचरा उचलणाऱ्या भगिनी त्याच समाजांतून आल्या आहेत. २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून उभ्या राहिलेल्या त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमुळें त्यांना ओळखपत्र व हक्काचें काम मिळालें. दुधाच्या पिशवीचा कोपरा त्यांच्या बोटांनीं वेंचावा, ही अपेक्षा मात्र आम्हां सुशिक्षितांची!

दक्षिणेच्या पठारावर मातीला सेंद्रिय द्रव्याची गरज किती, हें महात्मा फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांनाच ओळखलें होतें. रानांतला पालापाचोळा आणि मेलेल्या जीवजंतूंचें कुजलेलें सत्त्व पावसाबरोबर शेतांत येऊन मुरतें, आणि तें वाहून जाऊं नये म्हणून ताली बांधाव्या, हें त्यांचें म्हणणें. आमच्याकडचें ऊन या सत्त्वाला फार दिवस टिकूं देत नाहीं. पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब शेंकडा अर्ध्याहूनही कमी आढळतो. त्यांत आम्ही उसाचें पाचट पेटवितों आणि शेणाच्या गोवऱ्या थापतों. गोवऱ्यांना मी नांवें ठेवणार नाहीं; जिच्या चुलींत घालायला दुसरें कांहीं नाहीं, तिला ह्यूमसवर व्याख्यान देणें हा निर्दयपणा होईल. पाचटाची गोष्ट निराळी.

कंपोस्टाचे कांहीं भक्त मात्र त्याला अमृतच मानतात. युरियाच्या शंभर किलोंत सेहेचाळीस किलो नत्र असतें, चांगल्या कंपोस्टांत जेमतेम एक. गोणीस गोणी तोलली तर युरिया जिंकणारच. परंतु युरिया पाणी धरून ठेवीत नाहीं, मातीचे कण बांधीत नाहीं, गांडुळांना घर देत नाहीं. आणि पुरंदरसारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत पावसानंतरचे आठ दिवस ओल टिकणें म्हणजे कधीं कधीं सबंध पीक टिकणें असतें.

परत आल्यावर तळहातावरच्या त्या वस्तु मी एका कागदांत बांधून सोसायटीच्या सभेंत टेबलावर ओतल्या. पुष्कळ वाद झाला. निवडण्यासाठीं यंत्र आणावें, अशीही एक सूचना आली. शेवटीं तिसऱ्या मजल्यावरील एक आजी म्हणाल्या, "पिशवी कापतांना कोपरा तोडूंच नका. नुसती चीर द्या, तुकडा पिशवीला लोंबत राहूं द्या. मी चाळीस वर्षं तशीच कापतें आहें." मुलींनीं तसें चित्र काढून जिन्यांत लावलें. पुढच्या खेपेचें खत आम्हीं दोनदां चाळलें. कोपरे निघाले तीन.

तें मी मार्गशीर्षांत दादांकडे नेलें. त्यांनीं पुन्हां ओंजळ उचलून पाहिली, आणि अंजिराच्या बागेंतल्या बांधाकडच्या दोन ओळी दाखविल्या. "या दोन ओळींना हें घालूं. बाकीच्या राहूं देत आहेत तशा. बहार येईल तेव्हां बघूं." पहिल्या सहा गोण्या अजून बांधावरच आहेत, माळीमामांना घेऊन त्या चाळायला मी येत्या रविवारीं जाणार आहें.