एक ‘टक्’ आवाज

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. तुळिंजमधील एका चाळीतून फोन आला, “फादर, आईचे काही खरे दिसत नाही, लवकर या.” पवित्र तेलाची कुपी घेऊन आम्ही मोटारीत बसलो, चावी फिरवली. आतून एकच ‘टक्’ असा आवाज आला आणि सारे शांत. आठ दिवस ती असेच दोन-तीनदा ‘टक्’ करून मगच सुरू होत असे. आम्ही तिकडे कानाडोळा केला होता. त्या रात्री मात्र कितीही वेळा चावी दाबून धरली तरी उपयोग झाला नाही. भर पावसात रिक्षा कुठली मिळायला? आम्ही चालत निघालो. पोहोचलो तेव्हा त्या माउलीचा श्वास थांबून थोडाच वेळ झाला होता. मुलगा एवढेच म्हणाला, “गाडीचा आवाज आला का, असे ती सारखी विचारीत होती.”

सकाळी मेकॅनिक आला. बॅटरीच उतरली असणार, असे आम्ही छातीठोकपणे सांगितले. त्याने हेडलाइट लावून चावी फिरवायला लावली. ‘टक्’ झाले, पण दिवे मंदावले नाहीत. “बॅटरी ठणठणीत आहे, फादर. सोलेनॉईड बघावा लागेल.”

पूर्वी हॅण्डल मारून इंजिन फिरवीत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर आला. लहान पेट्रोल इंजिन फिरवायलाही स्टार्टरला १०० ते २०० अँपिअर प्रवाह लागतो. दोन हेडलाइट मिळून १० अँपिअरच्या आसपास घेतात, यावरून कल्पना यावी. एवढा प्रवाह चावीतून नेला तर तिचा स्विच जळून जाईल. म्हणून चावी फक्त सोलेनॉईडला हाक देते. त्यात तारेची दोन वेटोळी असतात : एक ओढणारे, दुसरे धरून ठेवणारे. दोन्ही मिळून साधारणतः ३० ते ४० अँपिअर घेऊन लोखंडी दांडा आत खेचतात. दांडा एकीकडे दातेरी चाक इंजिनाच्या चाकात अडकवतो, दुसरीकडे तांब्याचे जाड संपर्क जोडतो. संपर्क जुळताच ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांवर सारखाच दाब येतो व त्यातील प्रवाह आपोआप थांबतो. दुसरे वेटोळे १० अँपिअरच्या आसपास प्रवाहावर दांडा धरून ठेवते. बॅटरी अशक्त असेल तर संपर्क जुळताच दाब कोसळतो, दांडा सुटतो, दाब सावरला की पुन्हा ओढला जातो. तेव्हा ‘टकटकटक’ असा आवाज येतो.

आमचा आवाज एकच होता. मेकॅनिकने चावी फिरवायला सांगून सोलेनॉईडच्या दोन जाड बोल्टांना मीटर लावला. जिथे जवळजवळ शून्य यायला हवे, तिथे १२ व्होल्ट दिसले. आतले संपर्क जळून काळे पडले होते. शिवाय ते जुळत नसल्याने ओढणारे वेटोळे प्रवाह घेतच राहते. आम्ही रात्री चावी दाबून धरीत होतो, तेव्हा ते उगाच तापत होते.

वाचकहो, ती मोटार आठ दिवस आम्हांला सांगत होती. ऐकले नाही ते आम्हीच. दुरुस्तीला अर्धा दिवसही लागला नाही. सायंकाळी त्या मुलाकडे जाऊन आम्ही हे सारे सांगितले आणि क्षमा मागितली. त्याने आमचा हात धरला व चहा टाकायला सांगितले.