अंकल स्क्रूजची काठी

रात्री पुन्हा ‘डकटेल्स’ काढला. कॅपकॉमचा १९८९चा गेम. त्याचा नायक अंकल स्क्रूज काठी खाली रोवून टुणटुण उड्या मारतो, त्याच काठीने शत्रूंना लोळवतो, काट्यांवरूनही सुखरूप पार होतो. एका युक्तीवर अख्खा खेळ उभा! चंद्राच्या टप्प्याचं संगीत तर अजून कानात घुमतंय. खेळातली पाचही ठिकाणं हव्या त्या क्रमाने खेळता येतात, हे आणखी एक सुख.

खोट कुठे? हिमालयाच्या बर्फात काठी रोवून उडी मारली की स्क्रूज रुतून बसतो. ते गंमत म्हणून चालेल. पण बॉस अगदीच लेचेपेचे, आणि शेवटी पुन्हा ट्रान्सिल्व्हानियाच पार करायला लावणं हा शुद्ध वेळकाढूपणा. हात बसलेल्याला खेळ फार लवकर संपतो. तरीही उडी इतकी चोख जमलेला गेम विरळाच.