दोनशे ग्रॅम

कोपरखैरण्यात दिवाळी जवळ आली की सगळ्यांत आधी बाजारात उतरतात ती पिस्तुलं. तीन टाकीकडच्या फुटपाथवर आकाशकंदील अजून टांगले जात असतात, तोवर किल्ल्यावरच्या मावळ्यांशेजारी टिकल्यांच्या बंदुका मांडून झालेल्या असतात. मातीचे शिवाजीमहाराज, पुढ्यात तोफ आणि तोफेला टेकवून ठेवलेलं चंदेरी अमेरिकन पिस्तूल. ही सरमिसळ विकणाऱ्याला खटकत नाही, पोरांना तर नाहीच नाही.

टिकल्यांचा मोसम पंधरा दिवसांचा. छर्‍यांच्या बंदुकीला मोसम नसतो. सहा मिलिमीटरचे ते पिवळे प्लास्टिकचे मणी आमच्या सोसायटीत बाराही महिने सापडतात, जिन्याच्या कोपऱ्यात, स्कूटरच्या फूटबोर्डवर, तुळशीच्या कुंडीत. स्प्रिंग ओढायची, चाप दाबायचा, की मणी कुठेतरी जातो. कुठे, ते नशिबावर.

याच मण्याचं मोठ्यांचं जग मी पाहिलं तोक्योत. भाचा निशी-कसाईला राहतो. तिथे आपली माणसं इतकी, की कढीपत्ता मागायला जपानी यावं लागत नाही. तो मला अकिहाबारातल्या एका दुकानात घेऊन गेला. जपानमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल बाळगायची सोय नाही. ती हौस तिथल्या लोकांनी नकलेवर भागवली आणि त्यातून एअरसॉफ्ट नावाचा सबंध खेळ उभा राहिला. दुकानदाराने तोक्यो मारुई कंपनीचं ग्लॉक १७ दोन्ही हातांवर ठेवून, मानपत्र द्यावं तसं, पुढे केलं.

वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. खरं ग्लॉकही रिकाम्या मॅगझीनसकट तेवढंच भरतं. चाप ओढला की गॅसच्या जोरावर स्लाइड मागे जाऊन धाडकन पुढे येते, मनगटाला हिसका बसतो. शेवटचा मणी सुटला की स्लाइड मागेच अडकून राहते, अगदी खऱ्यासारखी. प्लास्टिकवरून ओळखावं म्हटलं तर तेही जमत नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक घेतलं तेव्हापासून खऱ्याचाही सांगाडा प्लास्टिकचाच आहे. स्लाइड मात्र खऱ्याची पोलादी आणि या नकलेची प्लास्टिकची, कारण जपान धातूच्या नकली पिस्तुलांबद्दल फार कडक. १९७१ पासून तिथे ती पिवळी किंवा पांढरी रंगवावी लागतात.

मग फरक राहतो कुठे? खऱ्याच्या मॅगझीनमध्ये सतरा काडतुसं बसतात. एकेक सुमारे बारा ग्रॅमचं, म्हणजे झाले दोनशे ग्रॅम. नक्कल करणाऱ्यांनी रिकाम्या पिस्तुलाची नक्कल केलीय. हे दोनशे ग्रॅम त्यांनी घेतलेले नाहीत. मणी ०.२ ग्रॅमचा, गोळी आठ ग्रॅमची. मण्याची ताकद ०.९८ ज्यूलच्या आत ठेवायची असा जपानचा २००६ सालचा दंडक. ९ मिलिमीटरची गोळी पाचशेच्या आसपास ज्यूल घेऊन निघते. आणखी एक गंमत हाताला कळली. मोटारीच्या एसीतला वायू इथे पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये भरतात. भराभर बार काढले की मॅगझीन गारठतं, स्लाइड मंदावते. खऱ्या पिस्तुलाची नळी तापते, हे थंड पडत जातं.

भाच्याचा पिस्तूल रोखलेला फोटो मी परतल्यावर आमच्या शेजारच्या हवालदारकाकांना दाखवला. आमच्या भागात माथाडींची घरं पुष्कळ, म्हणून सातारा-सांगलीकडची माणसं पुष्कळ, आणि सातारा म्हटलं की घरटी फौजी आलाच. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. फोटो खऱ्याचा की खोट्याचा, हे त्यांनी विचारलंच नाही. चष्मा वर सरकवून म्हणाले, ‘‘पोरगं कोण हे? चापावर बोट ठिवलंय बगा. नेम धरायच्या आदी बोट भाइर पायजे.’’

‘‘काका, खेळण्यातलं आहे ते.’’

‘‘आसंना. बोट खरंच हाय की.’’

काकांनी फौजेत पिस्तूल फारसं हाताळलेलंच नाही. ‘‘पिस्तूल सायबाचं. आमी रायफलवालं.’’ साहेबांचं ते पिस्तूल म्हणजे इशापूरच्या कारखान्यात ब्राउनिंगच्या आराखड्यावर बनलेलं ९ मिलिमीटरचं. तोच बोअर तुम्हा-आम्हाला एरवी मिळत नाही. परवाना मिळालाच, तर लाखाच्या घरात पैसे मोजून .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घ्यायचं, ज्याची ताकद ९ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. फौजी आणि मुलकी यांच्यातली रेघ आपल्या सरकारने नळीच्या मापाने आखलीय. मला ती पसंत आहे.

काका आता एका बँकेच्या दारात बसतात. मांडीवर उभी धरलेली दुनळी, बारा बोअरची, दस्त्याचं लाकूड हाताच्या तेलाने काळवंडलेलं, पट्ट्यात लाल काडतुसं. आपल्याकडे बहुतेकांच्या रोजच्या पाहण्यातली खरी बंदूक ही एवढीच. पण दिसायला ती नाटकातल्या सामानासारखी दिसते. आईबरोबर बँकेत आलेली पोरं तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांच्या खिशातलं काळं प्लास्टिक तिच्यापेक्षा कितीतरी जहाल दिसतं.

असाच उलटा अनुभव नेमबाजीच्या रेंजवर येतो. आमच्यापासून जवळच, पनवेलला, सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ क्लब आहे. २००४ मध्ये कुआलालंपूरला एअर रायफलमध्ये चारशेपैकी चारशे गुण मिळवणाऱ्या या बाई. दहा मीटरचं एअर पिस्तूल पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, हे पिस्तूल? मूठ लाकडाची, खेळाडूच्या तळव्याबरहुकूम कोरलेली, खाली तळवा टेकायला फळी. गोळी ४.५ मिलिमीटरची, शिशाची. चाप किमान पाचशे ग्रॅम वजन पेलणारा हवा, हा स्पर्धेचा नियम. एक हात खिशात, दुसरा ताठ, आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. या पिस्तुलाने कुणाला धाक दाखवता येणार नाही, लोक हसतील. तरी ते मण्याच्या पिस्तुलाच्या पाच-सहापट जोराचं.

धाक दिसण्याचा असतो, ज्यूल काही कुणाला दिसत नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत, क्लीव्हलँडला, टमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. कोल्टच्या जुन्या लष्करी पिस्तुलाची नक्कल. खेळणं ओळखायची नळीच्या टोकाची केशरी खूण राहिलेली नव्हती. पोलिसांना फोन करणाऱ्याने ‘बहुधा खोटं असेल’ असंही सांगितलं होतं. ते वाक्य गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलं नाही. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांत गोळी सुटली. त्या पोराच्या हातात खोटं होतं आणि समोरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खरं. नकलेवर एवढा जीव ओतणाऱ्या कारागिरांचं मला कौतुक आहे, पण त्या केशरी टोकाला नाकं मुरडणाऱ्या हौशी मंडळींचं मुळीच नाही.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत बराच हुशार निघाला. खोट्या बंदुकीची खरी करायची असेल तर परवाना लागेल, असं त्याच्या सहाव्या कलमात लिहून ठेवलंय. .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली हवेची बंदूक परवान्याविना मिळते. आणि निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम सुटतो.

मागच्या आचारसंहितेत काकांना विचारलं, तुमची दुनळी नाही जमा केली?

‘‘बँकवाल्यांस्नी माफी आसती. न्हाईतर बँक काय काठीनं राखू?’’

‘‘कधी चालवायची वेळ आली?’’

‘‘न्हाई बा. रोज फडकं मारतो. गंज दिसला तर तपासाया येणारा सायब माज्यावर बार काढंल.’’